हान-जेचं पाणी

शाम वाइ-हान हे तिचं कागदोपत्री नाव. पण त्या नावाने आमच्या तालुक्याच्या इस्पितळात कुणी चौकशी केली असती, तर खिडकीतल्या बाईने आधी 'कुठली शाम?' असंच विचारलं असतं. लोंगथांगमध्ये अर्धं गाव शाम आडनावाचं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात एकतर शामांच्या लेकी दिलेल्या आहेत नाहीतर त्यांच्याकडून सुना आणलेल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या तपासणी विभागात मात्र ती सगळ्यांची हान-जे. जे म्हणजे ताई. तिच्याहून वयाने मोठे असलेले डॉक्टरही तिला ताईच म्हणायचे, कारण रागावली की ती समोरच्याचं वय बघत नसे.

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला जिवावर येणारं. आजाऱ्याच्या अंगातून डॉक्टर डाळीच्या दाण्याएवढा तुकडा काढतात. तो औषधांत मुरवून मेणात बसवला की त्याची वडी होते. ती वडी बर्फावर थंड करून यंत्रात लावायची आणि चाक फिरवत तिचे काप काढायचे, कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ. असा काप हाताने उचलायला गेलं तर चुरगळून जातो, म्हणून तो कोमट पाण्याच्या भांड्यात सोडायचा. पाण्यावर पसरून त्याच्या सुरकुत्या गेल्या की खालून काचपट्टी घालून अलगद वर घ्यायचा. पुढे त्याला रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं काम डॉक्टरांचं.

यात घात करतं ते पाणी. एका माणसाच्या कापातला बारीकसा कण पाण्यावर राहून गेला, तर तो पुढच्या माणसाच्या कापाशेजारी जाऊन चिकटतो, आणि धडधाकट माणसाच्या काचपट्टीवर भलत्याचाच कॅन्सर दिसायला लागतो. विभागात अशा कणाला 'उपरा' म्हणत. प्रत्येक वडीनंतर पाण्यावरून टिपकागद फिरवायचा हा नियम सगळ्यांना पाठ होता, पण कामाच्या घाईत तो सगळ्यांनाच आठवायचा असं नाही. हान-जेच्या शेजारच्या यंत्रावर बसणाऱ्या याउच्या भांड्यात वर्षाकाठी दोन-चार उपरे तरी निघायचे. हान-जेच्या भांड्यात नोकरीला लागल्यापासून एकही निघाला नव्हता.

"हान-जेच्या पाण्यात मासा सोडला ना," याउ म्हणायचा, "तर बिचारा उपाशी मरेल. खायला काही सापडायचंच नाही."

"आणि तुझ्या पाण्यात सोडला तर अजीर्णाने," हान-जे मान वर न करता म्हणायची.

या एका गोष्टीचा तिला गर्व होता आणि तो ती लपवत नसे. डॉक्टरांना कापात काही विचित्र दिसलं की ते आधी विचारत, पाणी कुणाचं? हान-जेचं आहे असं कळलं की पुढचा प्रश्न मिटायचा. नव्याने आलेल्या डॉक्टरीणबाई मोक प्रांताच्या मोठ्या शहरात शिकून आलेल्या आणि सहसा कुणाच्या शब्दावर न विसंबणाऱ्या. पण त्यांनीही दोन-तीनदा स्वतः पडताळून बघितलं आणि मग विचारणं सोडून दिलं.

आमच्या भागात एक आजार घर करून बसलेला आहे. नाकाच्या मागे, घशाच्या वर जी पोकळी असते तिथे तो धरतो, आणि बराच काळ आपला पत्ता लागू देत नाही. एका कानाला दडे बसतात. सकाळी थुंकीत रक्ताची रेघ दिसते. आमची माणसं म्हणतात, उष्णता झाली, आणि नाक्यावरच्या दुकानात जाऊन कडू काढा पितात. हान-जेच्या वडिलांनी तो वर्षभर प्यायला. शेवटी मानेला गाठ आली तेव्हा त्यांना इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरने मानेवरून हात फिरवला, वडिलांना म्हणाला, "काही नाही, आराम करा," आणि बाहेर येऊन हान-जेला सांगितलं की आता घरीच ठेवा. म्हणजे वडील गेले ते उष्णता झाली असंच समजून गेले. जेवताना ते घोटभर काढा घेऊन म्हणायचे, आज जरा उतार आहे बरं का. हान-जेला हे आयुष्यभर डाचत राहिलं.

तेव्हा ती एकोणीस-वीसची होती आणि धाकटा आ-पुई शाळेत जाणारा. आई तो तान्हा असतानाच गेलेली. आ-पुईला हान-जेनेच वाढवलं, स्वतःच्या तोंडात भात मऊ करून त्याला भरवला, पुढे धोपटला, पुढे त्याला एका भट्टीवाल्याकडे शिकायला ठेवलं. तिचं लग्न मात्र पुढे पुढे जात राहिलं आणि एक दिवस त्याविषयी कुणी बोलेनासं झालं. ती बाई याबद्दल कधी कुरकुरली असेल तर ते मी तरी ऐकलेलं नाही.

आ-पुईचं आता बसथांब्याजवळ भाजलेल्या बदकांचं दुकान आहे. लिचीच्या लाकडावर भाजलेली बदकं तो काचेमागे ओळीने टांगतो, आणि संध्याकाळी एक शिल्लक राहिलं तरी त्याचं तोंड उतरतं. गडी बडबड्या, खादाड, दिलदार. इस्पितळाच्या नावाने मात्र त्याचे हातपाय गळतात. बहिणीशी त्याचं एकच कायमचं भांडण होतं, ते म्हणजे खारवलेल्या मासळीचं. ती खाऊन हा आजार वाढतो असं हान-जेने इस्पितळात ऐकलं, आणि त्या दिवसापासून घरात तिला बंदी. आ-पुई चोरून खायचा आणि वासावरून पकडला जायचा.

"गा-जे," तो म्हणायचा, थोरल्या बहिणीला आमच्याकडे घरात असंच म्हणतात, "तू दिवसभर मेणातली माणसं कापतेस ते कमी आहे का? माझ्या भाताला तरी हात लावू नकोस."

"तुझी वडी माझ्यासमोर यायला नको म्हणून बोलते मी."

"शुभ बोल की जरा."

मग एका वर्षी तालुक्याने तीस ते साठ वयाच्या सगळ्यांना रक्त तपासायला बोलावलं. या आजाराच्या मुळाशी एक विषाणू आहे. तो आमच्याकडे काय, जगभरच बहुतेकांच्या अंगात असतो, लहानपणी कुणाच्यातरी उष्ट्यातून आलेला, आणि जन्मभर मुकाट पडून राहतो. थोड्याच लोकांच्या अंगात तो जागा होतो, आणि तसा जागा झाला की रक्तात त्याच्या खुणा वाढतात. आ-पुईच्या रक्तात त्या वाढलेल्या निघाल्या. नाकातून नळी घालून बघायला बोलावलं, तर हा पठ्ठ्या कधी भट्टी दुरुस्तीचं निमित्त सांगे, कधी बायको माहेरी गेल्याचं. हिवाळाभर असंच चाललं. अखेर पूर्वजांच्या थडग्यांवर जायचा चिंगमिंगचा सण तोंडावर आला, तेव्हा हान-जे एका सकाळी दुकानात गेली, त्याच्या कमरेचा ॲप्रन स्वतः सोडला आणि गिऱ्हाइकांदेखत त्याला हाताला धरून घेऊन गेली. नाकामागे एक जागा किंचित लाल दिसली, तिथला तुकडा काढला. दुसऱ्या दिवशी त्याची वडी तयार होऊन विभागात आली.

घरच्या माणसाची वडी आपण कापायची नाही, ती शेजाऱ्याकडे द्यायची, असा विभागाचा जुना नियम आहे. शामांच्या गावात तो पाळायचा म्हटलं तर कामच बंद पडेल, म्हणून चुलत-मावस कुणी मोजत नसे. पण सख्खा भाऊ म्हणजे सख्खा भाऊ. हान-जेने याउच्या भांड्याकडे एक नजर टाकली. त्यात मेणाचे कण तरंगत होते. तिने काही न बोलता ती वडी आपल्याच बर्फावर ठेवली.

तिच्या आधीची वडी एका नावाड्याची होती. त्या बिचाऱ्याचा आजार पुढे गेलेला, काप काढताना कडा भुगा होऊन सुटत होत्या. ती झाली, तशी हान-जेने टिपकागद फिरवला. मग भांडं उचललं, सगळं पाणी ओतून दिलं, भांडं घासलं, नवीन पाणी भरलं आणि ते कोमट व्हायची वाट बघत बसली. यंत्राचं पातंही बदललं. हे तिने आजवर कुणासाठी केलं नव्हतं.

"काय हान-जे," याउ म्हणाला, "सम्राटाचं नाक आलंय वाटतं आज?"

"तू तुझं बघ."

काप सुरेख निघाला. पाण्यावर पसरला तेव्हा त्याला एकही सुरकुती नव्हती.

पुढच्या सकाळी मोक डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला समोरासमोर दोघांनी बघायची सोय होती. हान-जे बसली आणि तिने डोळे लावले. काचपट्टीवरचा क्रमांक ती विसरलेली नव्हती.

"सगळा काप चांगला आहे," मोक म्हणाल्या. "पण ही कड बघा. इथे."

कापाच्या कडेला, मध्ये बारीकशी फट सोडून, मोठमोठ्या पेशींचा एक पुंजका वेगळाच पडलेला होता. हान-जे डॉक्टर नव्हती, पण इतकी वर्षं काचपट्ट्या हाताळल्यावर असल्या पेशी कुणीही ओळखतो.

"याचाच आहे की उपरा आहे, एवढंच ठरत नाहीये," मोक म्हणाल्या. "आधीची वडी त्या नावाड्याची होती, आणि त्यात अशाच पेशी आहेत. एरवी मी विचारलंही नसतं, तुमचं पाणी आहे म्हटल्यावर. पण हा मूळ तुकड्यापासून तुटलेला दिसतो, म्हणून विचारते. पाण्यात काही राहिलं असेल का?"

या प्रश्नाचं हान-जेचं उत्तर ठरलेलं होतं. माझ्या पाण्यातला नाही, असं ती म्हणायची, आणि बहुतेक वेळा नाक मुरडून म्हणायची. ते उत्तर तिच्या ओठांवर आलंही. पण ते दिलं की तो पुंजका आ-पुईचा होणार होता.

"असेल," ती म्हणाली. "काल घाई होती."

मोक डॉक्टरांनी डोळे सूक्ष्मदर्शकावरून वर घेतले.

"तुमच्याकडून?"

"माणूसच आहे मी."

"तसं नाही म्हटलं." मोक जरा ओशाळल्या. "मग असं करू. वडीत फार थोडं उरलंय. तुमच्या पाण्याची खात्री असती तर तेच कापून दुसरे रंग देऊन बघितले असते. आता ते कशाला खर्च करायचं? नक्की सांगता येत नाही असं लिहिते. माणसाला पुन्हा बोलावू, नवा तुकडा घेऊ."

"बोलवा," हान-जे म्हणाली.

बाहेर येताना तिला अगदी हलकं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच आपण गबाळ्या असतो तर किती बरं झालं असतं असं तिला वाटलं. जिना उतरेपर्यंत तर तिने स्वतःला पटवूनही दिलं, की भांडं घासताना काठाला काही चिकटून राहिलं असेल, टिपकागदाचाच एखादा कण असेल, हवेतून काही पडलं असेल. आपल्या चुका शोधायला ती इतकी आतुर कधीच नव्हती.

दुपारी ती तशीच भावाच्या दुकानात गेली. सणाच्या मागण्यांमुळे दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आ-पुई सपासप सुरी चालवत होता. तिला बघितल्यावर त्याचा हात थांबला.

"काय निघालं?"

"नक्की काही नाही म्हणतात. पुन्हा तुकडा घ्यावा लागेल."

"म्हणजे काही सापडलं नाही."

"नक्की नाही म्हणतात."

"तेच ते." आ-पुईचा जीव भांड्यात पडला. त्याने गल्ल्यावर बसलेल्या बायकोला हाक मारून सांगितलं, "ऐकलंस? उष्णताच होती. मी काय म्हणत होतो?" मग बहिणीकडे वळला. "भट्टीसमोर उभा राहणारा माणूस मी, मला उष्णता नाही होणार तर कुणाला? बस तू. बदकाची मांडी वाढतो तुला, तुझ्या आवडीची."

"पुन्हा यायचंय, ऐकलंस ना?"

"येईन की. चिंगमिंग होऊ दे, मग लग्नसराई आहे ती होऊ दे. एकदा नाकात नळी घालून घेतली ना तुझ्या हट्टापायी? आता काही नसताना परत परत कशाला?"

तो परत येणार नव्हता. तिला हे पहिल्या वाक्यातच कळलं. तिने स्टूल ओढलं आणि खायला बसली. बदक रसरशीत झालं होतं, पण तिला घास उतरेना.

तेवढ्यात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने डाव्या बाजूने काहीतरी मागितलं. आ-पुईने ऐकलंच नाही. म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं. तेव्हा आ-पुई कमरेपासून वळला आणि हनुवटी खाली घालून उजवा कान पुढे केला. वडील जेवताना अगदी असेच वळायचे. डाव्या हाताला हान-जे बसायची आणि वाढू का म्हणून विचारायची, तर ते हनुवटी खाली घालून उजवा कान तिच्याकडे करायचे. घरातल्या सगळ्यांना त्याची इतकी सवय झाली होती, की मानेला गाठ येईपर्यंत तो आजार आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिने मांडी तशीच पानावर ठेवली आणि उठली.

"अगं, झालं काय?" आ-पुई ओरडला.

"काम राहिलंय."

मोक डॉक्टर जेवायला निघाल्या होत्या. हान-जे दारातच उभी राहिली.

"सकाळी मी खोटं बोलले," ती म्हणाली. "पाण्यात काही नव्हतं. त्या वडीसाठी मी सगळं पाणी बदललं होतं. भांडं घासलं होतं, पातं नवीन होतं. याउने बघितलंय."

मोक डॉक्टरांनी हातातला डबा खाली ठेवला.

"का बोललात?"

"तो माझा भाऊ आहे."

मोकांना राग आला होता हे दिसत होतं, आणि तो त्यांनी गिळला हेही दिसलं.

"वडी तुम्ही कापायलाच नको होती."

"हो."

"नवा तुकडा द्यायला ते सहा महिन्यांनी आले असते तरी चाललं असतं, असं वाटलं तुम्हाला?"

"तो आलाच नसता," हान-जे म्हणाली. "म्हणून तर परत आले मी."

उरलेली वडी याउने कापली. त्याला कारण सांगितलं तेव्हा त्याने एकही विनोद केला नाही. त्याने आपलं भांडं दोनदा घासलं, मग उकळतं पाणी ओतून तिसऱ्यांदा घासलं, पातं बदललं, हात धुतले. हान-जे बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. आतून चाकाचा आवाज येत होता. याउ फार हळू फिरवत होता, आणि त्याचा हात कुठे थबकतो ते तिला ऐकूनच कळत होतं. हिने आयुष्यभर ज्या पाण्याची टर उडवली त्याच पाण्यात आता हिच्या भावाचं काय ते ठरणार होतं, आणि ही बाहेर बसून मनातल्या मनात म्हणत होती, काही दिसू नये, काही दिसू नये.

रंग द्यायला दुसरा दिवस लागला. मोक डॉक्टरांनी तिला पुन्हा समोर बसवलं. बसवायला नको होतं खरं तर. पण त्यांनी बसवलं, आणि हान-जेला त्यांचं हे फार मोठेपणाचं वाटलं.

नव्या कापातही कडेला तो पुंजका होता, आधीपेक्षा जरा मोठा. वेगळं पाणी, वेगळं पातं, वेगळा हात, आणि तरी तो तिथेच. म्हणजे तो वडीतलाच होता. विषाणूची खूण दाखवणारा रंगही त्याने धरला होता. मग मोकांनी तिसरी काचपट्टी लावली.

"ही माझ्या अभ्यासासाठी करून घेतली," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही बघा. या चांगल्या पेशी. प्रत्येकीच्या कडेने तपकिरी रेघ दिसते?"

दिसत होती. सगळा काप बारीक जाळी टाकल्यासारखा दिसत होता.

"ते चिकट प्रथिन. शेजारच्या दोन पेशी त्याने एकमेकींना धरून असतात. आता पुंजक्याकडे या."

पुंजक्यात रेघा जवळजवळ नव्हत्याच. कुठे तुटक, कुठे पुसट, बाकी नुसत्या फिकट पेशी एकमेकींपासून सुटून पडलेल्या. मऊ चिकट भाताचा डबा उघडावा आणि त्यात मध्येच कोरडा मोकळा भात निघावा तसं ते दिसत होतं.

"विषाणू पेशीत शिरून नुसता बसत नाही," मोक सांगत होत्या. "आपलं स्वतःचं एक प्रथिन तो तिच्या आवरणात आणून ठेवतो. ते तिथून आत सारखे हुकूम सोडत राहतं, आणि त्यात एक हुकूम असा, की हे चिकट प्रथिन बनवणं थांबवा. बनणं थांबलं की पकड ढिली होते. शेजारणींना धरून राहिलेली पेशी जागा सोडत नाही, पण सुटलेली कुठेही जाऊ शकते. म्हणून आपल्याकडे नाकात काही जाणवायच्या आत मानेला गाठ येते."

हान-जेला वडिलांची मान आठवली.

"म्हणजे हा वेगळा पडला होता तो..."

"उपरा होता म्हणून नाही. त्यांचाच आहे, फक्त पकड सुटलेला. मी उपरा म्हणाले ती माझीही चूकच. हा आजार असाच दिसतो, मला ते आधी सुचायला हवं होतं." मोकांनी दिवा बंद केला. "मानेच्या तपासणीत काही नाही ना? मग फार लवकर सापडलाय. या अवस्थेतला आजार किरणोपचारांनी बहुतेकांचा बरा होतो. हान-जे, तुमचं पाणी स्वच्छ होतं म्हणून मी ती उरलेली वडी कापून घ्यायचं धाडस केलं."

इतकी वर्षं हे वाक्य ऐकायला हान-जेला आवडायचं. आज तिने मान हलवली आणि उठून बाहेर आली. याउ दारातच घुटमळत होता. त्याने तिच्याकडे बघितलं आणि स्वतःच्या डब्यातला चहा कपात ओतून तिच्या हातात दिला. तो चहा थंड झालेला होता, पण तिने सगळा प्यायला.

दुकानात ती गेली ती दिवस कलायच्या सुमाराला. गिऱ्हाईक ओसरलं होतं. एक बदक काचेमागे शिल्लक होतं आणि आ-पुई त्याच्याकडे वैतागून बघत होता. भात मांडला होता, आणि त्याच्या शेजारी वाटीत खारवलेली मासळी होती. तिला बघितल्यावर त्याने घाईने वाटीवर फडकं टाकलं. ती काही बोलली नाही. ती बोलली नाही तेव्हाच त्याला कळलं असावं.

ती नेहमी त्याच्या डाव्या हाताला बसायची. आज तिने स्टूल उचललं आणि उजव्या बाजूला आणून ठेवलं.

"तुझं नाकामागचं तेच निघालं," ती म्हणाली. "बाबांना होतं ते."

आ-पुईने फडक्याला हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिला.

"नक्की नाही म्हणाले होते ना? तूच सांगितलंस."

"मी खोटं सांगितलं होतं."

"ते उपऱ्याचं काय ते सांगायचीस ना तू? पाण्यात दुसऱ्याचं पडतं, आणि भलत्यालाच चिकटतं. तसं काही?"

"नाही."

"पण होतं ना तसं कधीकधी? याउच्या भांड्यात होतं."

"तुझी वडी याउला दिली नाही मी. मी कापली. सगळं पाणी बदलून."

आ-पुई तिच्याकडे बघत राहिला. दहा वर्षांचा असताना वडिलांच्या खोलीच्या दारात उभा राहून तो असाच बघायचा, आणि हान-जे त्याला सांगायची, बाबांना उष्णता झालीय, जा खेळ.

"तुझं पाणी होतं," तो शेवटी म्हणाला, "म्हणजे मग माझंच आहे."

"लवकर सापडलंय. मानेत काही नाही. सोमवारपासून किरणं द्यायची म्हणतात."

"सोमवारी चिंगमिंगची बदकं आहेत."

"बदकं मी कापीन."

"तू?" त्याला हसू आलं, आणि ते हसू अर्ध्यातच मोडलं. "इतके पातळ काप गिऱ्हाईक घेणार नाही, गा-जे."

त्याने काचेमागचं बदक काढलं, फळीवर ठेवलं आणि सुरी तिच्या हातात दिली. मग तिला कुठून कापायचं ते दाखवायला लागला, आधी मांडी, मग पाठ. दाखवता दाखवता मध्येच थांबला.

"बाबांना माहीत होतं का गं?"

"नाही. त्यांना कुणी सांगितलं नाही. मीही नाही."

आ-पुईने मान हलवली. मासळीची वाटी फडक्याखालून काढली आणि मागच्या दाराने नेऊन मांजरासमोर ठेवली. परत आला तेव्हा तिचा पहिला काप झाला होता, आणि तो खरंच फार पातळ होता.